शहरासाठी डिजिटल कौशल्यांचे मनुष्यबळ घडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहराचे प्रशासन, शिक्षण विभाग, प्रशिक्षण संस्था आणि उद्योग एकत्र बसले की हे प्रश्न हटकून निघतात. उत्तरांमधले आकडे जिथे प्रत्यक्ष घडलेल्या कार्यक्रमांचे आहेत तिथे तसे सांगितले आहे. बाकीचे आकडे नियोजनासाठीचे ठोकताळे आहेत. आपल्या परिस्थितीनुसार ते कमीजास्त करावेत.

डिजिटल मनुष्यबळ म्हणजे प्रोग्रामरच ना?

नाही. बहुतेक योजना इथेच पहिल्यांदा चुकतात. शहरातले काम तीन थरांत पाहावे. पहिला थर सगळ्यांचा: फाइल जतन करून पुन्हा सापडणे, ऑनलाइन अर्ज भरणे, पासवर्ड सांभाळणे, फसवा संदेश ओळखणे. दुसऱ्या थरातल्या लोकांचा पेशा वेगळा असतो, पण हातातले हत्यार संगणकच असते. हिशेबनीस, परिचारिका, गोदामात मालाची नोंद ठेवणारा, आराखडे काढणारा हे सगळे या थरात येतात. तिसरा थर हेल्पडेस्क (संगणक वापरणाऱ्यांच्या अडचणी सोडवणे), नेटवर्क, सॉफ्टवेअर टेस्टिंग, डेटा विश्लेषण, सायबर सुरक्षा आणि प्रोग्रामिंग करणाऱ्यांचा.

दुसरा थर पहिल्या झटक्यात विसरला जातो, कारण त्याचे उद्घाटन झोकात करता येत नाही. खरे तर स्प्रेडशीट नीट न येणारा हिशेबनीस रोज तासभर वाया घालवतो आणि त्याचा फटका त्याच्या पुढच्या तीन माणसांना बसतो.

पहिल्या दोन थरांसाठी मोजपट्टी नव्याने तयार करण्याची गरज नाही. युरोपीय आयोगाच्या ‘डिगकॉम्प’ चौकटीत ५ क्षेत्रे आणि २१ क्षमता आहेत. २०१७ च्या आवृत्तीत त्यांना ८ पातळ्या जोडल्या, तर २०२२ च्या आवृत्तीत अडीचशेहून अधिक उदाहरणे आली. ती उदाहरणे आपल्या भाषेत उतरवली की चाचणीचा कच्चा मसुदा हाती येतो.

सुरुवात कुठून करावी?

नोकरीच्या टोकाकडून. अभ्यासक्रम आधी ठरवून मग नोकऱ्या शोधायला निघणे म्हणजे माप न घेता कपडे शिवण्यासारखे आहे.

गेल्या ३ महिन्यांतल्या २०० ते ३०० नोकरीच्या जाहिराती गोळा करा. पदाचे नाव, मागितलेली कौशल्ये, अनुभवाची अट आणि पगार एवढे चार रकाने भरले तरी चित्र दिसू लागते. अनुभवाची अट नसलेल्या किंवा वर्षभरापर्यंत असलेल्या जागा वेगळ्या काढा, कारण नवशिक्यांसाठी तेवढ्याच खऱ्या असतात. मग १५ ते २० कंपन्यांत जा आणि मनुष्यबळ विभागाबरोबरच, नव्या माणसाला पहिले काही महिने हाताखाली घेणाऱ्या गटप्रमुखालाही भेटा. मनुष्यबळ विभाग ‘संवादकौशल्य हवे’ म्हणून मोकळा होतो. गटप्रमुख सांगतो, ‘तक्रार नोंदवताना काय बिघडले ते नीट लिहीत नाहीत, नुसते चालत नाही एवढेच लिहितात.’ या वाक्यातून अख्खा धडा तयार होतो.

त्याला एक प्रश्न नक्की विचारा: शेवटचे पाच उमेदवार का नाकारले? याचे उत्तर कुठल्याही सर्वेक्षणात मिळत नाही.

बड्या कंपन्यांशीच बोलण्याची चूकही नेहमीची. त्यांच्याकडे स्वतःची प्रशिक्षण यंत्रणा असते. रुग्णालये, शाळा, वाहतूक व्यवसाय, छोटे कारखाने आणि खुद्द शहराचे प्रशासन यांच्याकडे ती नसते, पण संगणक सांभाळणारी माणसे त्यांनाही लागतात.

आधी यंत्रे घ्यावीत की शिक्षक घडवावेत?

शिक्षक. यावर आता फारशी चर्चा उरायला नको. पेरूने ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या कार्यक्रमात लाखो लॅपटॉप वाटले. ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांत त्याचा अभ्यास झाला. दर विद्यार्थ्यामागे संगणकांचे प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेले, मुले यंत्र सराईतपणे वापरू लागली, पण गणित आणि भाषेच्या गुणांत काही फरक पडला नाही. इंटरनेट जवळपास कुठेच नव्हते आणि यंत्र वर्गातल्या शिकवण्याशी कसे जोडायचे याचे शिक्षकांना पुरेसे प्रशिक्षण मिळाले नव्हते.

इंग्लंडचा धडा वेगळा आहे. तिथे सप्टेंबर २०१४ पासून शाळांत संगणनशास्त्र हा विषय सक्तीचा झाला. कागदावर अभ्यासक्रम उत्तम होता, पण शिकवणारे तयार नव्हते. २०१७ च्या रॉयल सोसायटी या ब्रिटिश विज्ञानसंस्थेच्या अहवालाने हे नेमके दाखवले आणि २०१८ मध्ये सुमारे ८.४ कोटी पौंडांची तरतूद करून शिक्षकांसाठी राष्ट्रीय केंद्र उभारावे लागले. म्हणजे विषय सुरू झाल्यावर चार वर्षांनी शिक्षक घडवण्याला मोठा निधी मिळाला. क्रम उलटा असता तर मधल्या चार वर्गांचे नुकसान टळले असते.

मग ते शिक्षक आणायचे कुठून?

संगणक उत्तम येणारा माणूस शिक्षकाच्या पगारावर टिकत नाही, हे गृहीत धरूनच चालावे. त्याऐवजी गणित, विज्ञान किंवा भाषेच्या सध्याच्या शिक्षकांपैकी इच्छुकांना तयार करा. दोन दिवसांची कार्यशाळा पुरत नाही. सुट्टीत ८ ते १० दिवसांचा सलग वर्ग आणि मग वर्षभर दर पंधरवड्याला अर्धा दिवस, असे वेळापत्रक उपयोगी पडते. मुख्य म्हणजे तो अर्धा दिवस त्यांच्या तासिकांतून वजा करावा लागतो. शनिवारी बोलावले की तिसऱ्या महिन्यात उपस्थिती निम्मी होते.

उद्योगातल्या माणसाला वर्गात आणायचे असेल तर शिक्षकाच्या जोडीने आणा. अमेरिकेतल्या ‘टील्स’ कार्यक्रमात अभियंता आणि शिक्षक मिळून वर्ग घेतात आणि हळूहळू शिक्षक एकटा शिकवू लागतो. अभियंत्याला विषय येतो, पण तीस पोरांचा वर्ग सांभाळता येत नाही. शिक्षकाचे नेमके उलटे असते.

शाळेत कोणत्या वयात काय शिकवावे?

इंग्लंडच्या अभ्यासक्रमात पाच ते सात वर्षांची मुले सोप्या सूचनांचा क्रम लावतात आणि त्यातली चूक शोधतात. यातले पुष्कळसे संगणकाशिवाय, कागद आणि चौकटींच्या खेळांवर होते. अकरा ते चौदा या वयात किमान दोन प्रोग्रामिंग भाषा येतात आणि त्यातली निदान एक टंकून लिहायची असते. पडद्यावर सूचनांचे तयार ठोकळे जोडण्याकडून टंकलेल्या प्रोग्रामकडे जाण्याचा हा टप्पा सर्वांत अवघड. अर्धविराम राहिला म्हणून प्रोग्राम अडला की मुले ‘मला हे जमत नाही’ असा निष्कर्ष काढतात. म्हणून पहिल्या सहा आठवड्यांत नवे लिहायला लावण्याआधी चालता प्रोग्राम वाचायला, मग त्यात बदल करायला द्यावा.

विषय ऐच्छिक ठेवला की तो ठरावीक मुलेच निवडतात, आणि त्यात मुली कमी असतात. शिकागोच्या शाळा मंडळाने २०१६ मध्ये संगणनशास्त्र हे शालान्त पात्रतेची अट केले. विषय सगळ्यांपर्यंत पोचतो, सक्तीचा हा मोठा फायदा आहे. मात्र शिक्षक तयार नसतील तर सक्ती करू नये.

लॅब उभारताना नेमके काय लागते?

तीस विद्यार्थ्यांच्या वर्गाला १५ चालू यंत्रे आणि २ राखीव पुरतात, कारण दोघांनी एका यंत्रावर काम करणे प्रोग्रामिंगसाठी चांगलेच असते. एक जण टंकतो, दुसरा चुका पाहतो आणि १० मिनिटांनी जागा बदलतात. टंकलेखन आणि स्प्रेडशीटला मात्र एकेकाला एकेक यंत्र हवे, नाहीतर धीट मूल कळफलक सोडत नाही आणि दुसरे वर्षभर प्रेक्षक राहते.

वीज आधी मोजा. पडद्यासह एका डेस्कटॉपला १५० वॅट धरले तर ३० यंत्रांना साडेचार किलोवॅट लागतात. साध्या वर्गखोलीच्या तारा त्यासाठी टाकलेल्या नसतात. तेवढीच उष्णताही खोलीत निघते, तेव्हा हवा खेळती ठेवण्याची सोय लागते. नेटवर्कची तांब्याची केबल १०० मीटरपलीकडे नेऊ नये. वायफायवर तीस यंत्रे एकदम व्हिडिओ लावणार असतील तर घरगुती राउटर मान टाकतो. शाळांसाठीचे ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारी उपकरणे) घ्यावेत आणि २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या खोल्यांना १, ६ आणि ११ हीच चॅनेल आलटून पालटून द्यावीत, कारण एकमेकांवर न येणारी तेवढीच आहेत.

निविदेत यंत्राच्या किमतीइतकेच महत्त्व दुरुस्तीला द्या. किती तासांत माणूस आला पाहिजे, सुटे भाग किती वर्षे मिळतील, पाच वर्षांनी बदलीचे पैसे कुठून येतील, हे आधीच लिहून घ्यावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. ती नसलेली कितीतरी चालू यंत्रे एका तारखेत अडचणीत आली. ज्यांनी आयुर्मानाची नोंद ठेवली होती त्यांना हे आधी दिसले. अशा यंत्रांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून ती आणखी काही वर्षे वापरता येतात, पण शिक्षकाला त्याची सवय करून द्यावी लागते.

सगळ्यांकडे मोबाईल आहे, त्यावरच शिकवले तर?

पहिल्या थरातले काही, हो. दुसऱ्या थरापासून पुढे नाही. मोबाईल फाइल आणि फोल्डर लपवून ठेवतो, त्यामुळे ‘जतन केलेले कुठे गेले’ हा प्रश्न मुलांना पडतच नाही. पहिल्याच नोकरीत मात्र तो रोज पडतो. व्हिडिओ पाहणे, सराव प्रश्न आणि उजळणी एवढ्यासाठी मोबाईल ठेवा.

तंत्रज्ञान दर दोन वर्षांनी बदलते. अभ्यासक्रम जुना होणार नाही का?

साधनांचा होतो, पायाचा नाही. फ्लॅश हे वेबपानांवरच्या ॲनिमेशनचे साधन शिकवणाऱ्या वर्गांचे शिक्षण ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशबरोबरच निवृत्त झाले. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या आवृत्ती २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, पण ज्याला लूप, फंक्शन आणि डेटाची रचना कळली होती तो आठवड्याभरात पायथन ३ वर सरकला. वेळेची ढोबळ वाटणी अशी ठेवता येते: दोन तृतीयांश वेळ पायाला (तर्क, डेटा, नेटवर्क कसे चालते, चूक कशी शोधावी, लिहून कसे सांगावे) आणि एक तृतीयांश साधनांना. साधनांचा भाग दरवर्षी बदलण्याचा अधिकार संस्थेकडे हवा. प्रत्येक बदलाला मंडळाची मंजुरी लागत असेल तर मंजुरी येईपर्यंत ते साधनही जुने झालेले असते.

बेरोजगार प्रौढांसाठी वर्ग किती लांबीचा असावा?

सवयीच्या संगणक वापरासाठी ४० ते ६० तास. हेल्पडेस्क किंवा टेस्टिंगसाठी पूर्णवेळ १२ ते १६ आठवडे. शून्यापासून प्रोग्रामरची नोकरी तीन महिन्यांत मिळेल अशी जाहिरात दिसली तर सावध व्हावे. जे त्यात यशस्वी होतात ते सहसा पूर्वतयारी करून आलेले असतात.

अमेरिकेत ‘वर्कॲडव्हान्स’ या प्रयोगात उमेदवारांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून एकाच क्षेत्रासाठीच्या प्रशिक्षणाचा परिणाम मोजला गेला. चार संस्थांमध्ये न्यूयॉर्कमधल्या ‘पर स्कोलास’चा निकाल सर्वांत ठळक होता. ही संस्था माहिती तंत्रज्ञानातल्या नोकऱ्यांसाठीच शिकवते. प्रवेशाआधीची चाळणी, नोकरीसाठीची तयारी, तांत्रिक प्रशिक्षण, जागा मिळवून देणे आणि नोकरी लागल्यावरही संपर्क ठेवणे अशी त्या प्रयोगाची साखळी होती. बहुतेक शहरे मधली कडी तेवढी उचलतात.

प्रवेशाची चाळणी लावणे अन्यायाचे नाही का?

ज्याला टक्केवारी येत नाही त्याला थेट डेटा विश्लेषणाच्या वर्गात बसवणे जास्त अन्यायाचे. तो तिसऱ्या आठवड्यात निघून जातो आणि अपयश मात्र स्वतःचे मानतो. चाळणीच्या खाली एक पायरी ठेवावी: ४ ते ६ आठवड्यांचा पूर्ववर्ग, ज्यात टंकलेखन, साधे गणित आणि वाचन होते, आणि तो पूर्ण करणाऱ्याला पुढची जागा राखीव. पॅरिसमध्ये २०१३ ला सुरू झालेल्या ‘४२’ या शाळेत प्रवेशासाठी सुमारे चार आठवडे प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते, आधीचे प्रमाणपत्र विचारत नाहीत. पद्धत कठोर आहे. पण चिकाटी पाहायची असेल तर लेखी परीक्षेपेक्षा ती खरी ठरते. उपजीविका सोडून चार आठवडे येणे सगळ्यांना परवडत नाही, तेव्हा ती उचलायची तर विद्यावेतनासह.

माणसे मध्येच का सोडून जातात?

‘रस नव्हता’ असे नोंदवहीत लिहिलेले असते. प्रत्यक्षात कारणे फार जमिनीवरची असतात. वर्ग सुटेपर्यंत शेवटची बस गेलेली असते. मूल सांभाळायला कोणी नसते. चालू हंगामी काम सोडले तर घरखर्च थांबतो. परीक्षेचे शुल्क शेवटच्या आठवड्यात समोर येते. आणि एक कारण कोणी बोलून दाखवत नाही: पहिल्यांदा काहीच कळले नाही त्या दिवसाची लाज.

दुसरा आणि तिसरा आठवडा सर्वांत नाजूक. सलग दोन गैरहजेऱ्या लागल्या की त्याच संध्याकाळी फोन गेला पाहिजे, आणि तो शिकवणाऱ्याकडून गेला तर उत्तम. प्रवासभत्ता आठवड्याला द्यावा. महिन्याच्या शेवटी दिलेला भत्ता ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत उशिरा पोचतो. मागे पडलेल्यांसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी लॅब उघडी ठेवा, पण तिला ‘उपचारात्मक वर्ग’ असले नाव देऊ नका, कोणी फिरकणार नाही.

प्रमाणपत्रे उपयोगी पडतात का?

ज्या प्रमाणपत्राचे नाव स्थानिक जाहिरातींत येते तेच. हेल्पडेस्कसाठी कॉम्पटिया या संस्थेचे ‘ए प्लस’ प्रमाणपत्र चालते. त्यात दोन परीक्षा असतात, प्रत्येकी ९० मिनिटांची आणि जास्तीत जास्त ९० प्रश्नांची, आणि प्रमाणपत्र ३ वर्षे टिकते. शुल्क योजनेनेच भरावे. पहिल्या प्रयत्नात न जमल्यास दुसऱ्याची तरतूदही आधीच करावी. संस्थेने स्वतः छापलेल्या प्रमाणपत्राला बाजारात वजन नसते. त्यापेक्षा विद्यार्थ्याने केलेल्या तीन कामांची फाइल मुलाखतीत जास्त बोलते.

कंपन्या बैठकीला येतात, पण नोकऱ्या देत नाहीत. काय करावे?

सल्लागार समितीवर बसायला पैसे पडत नाहीत, म्हणून सगळे बसतात. त्याऐवजी लेखी मागावे: वर्षाला किती मुलाखती देणार, इंटर्नशिपच्या किती जागा, कोणाचा किती वेळ. नोकरीची हमी कोणी देत नाही. मुलाखतीची मात्र देतात, आणि तेवढी पुरते.

जर्मनीच्या दुहेरी पद्धतीत हा प्रश्न मुळातच सुटलेला आहे. तिथे उमेदवार आधी कंपनीशी करार करतो, आठवड्याचा बराच भाग कामावर आणि उरलेला व्यावसायिक शाळेत जातो. माहिती तंत्रज्ञानातला ‘फाखइन्फॉर्माटिकर’ हा तीन वर्षांचा पेशा १९९७ मध्ये सुरू झाला आणि २०२० मध्ये त्यात डेटा आणि प्रक्रिया विश्लेषणासारख्या नव्या शाखा जोडल्या. ही पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही, कारण तिच्यामागे उद्योगमंडळांची जुनी यंत्रणा उभी आहे. जवळचा नमुना ब्रुकलिनचा: २०११ मध्ये शहराचा शिक्षण विभाग, सिटी युनिव्हर्सिटी आणि आयबीएम यांनी मिळून ‘पी-टेक’ शाळा काढली. सहा वर्षांच्या वाटेवर शालान्त शिक्षण आणि दोन वर्षांची महाविद्यालयीन पदवी, जोडीला मार्गदर्शक आणि इंटर्नशिप.

शहराच्या हातात आणखी एक गोष्ट असते: ते स्वतः मोठे नोकरीदाते आहे. आपल्याच संगणक विभागात वर्षाला दहा उमेदवार घेतले तर दुसऱ्यांना सांगण्याचा नैतिक अधिकार येतो.

आधीच नोकरीत असलेल्यांचे काय?

सिंगापूरने २०१५ मध्ये ‘स्किल्सफ्युचर’ सुरू करून २५ वर्षे आणि त्यावरील प्रत्येक नागरिकाला प्रशिक्षणासाठी ५०० सिंगापूर डॉलरचे खाते दिले. कल्पना चांगली, पण २०१७ मध्ये एका टोळीने बनावट दाव्यांतून याच व्यवस्थेचे सुमारे ४ कोटी डॉलर लुबाडल्याचे उघड झाले. पैसे देण्यापूर्वी हजेरी आणि संस्था दोन्ही तपासणारी यंत्रणा योजनेबरोबरच हवी. नोकरदारांसाठी वर्ग छोटे ठेवावेत: दोन तासांचे १० ते १२ वर्ग, त्यांच्याच कार्यालयातल्या खऱ्या फाइलींवर, नावे आणि गोपनीय माहिती काढून.

कोणत्या भाषेत शिकवावे?

समजावणे विद्यार्थ्याच्या भाषेत, पडद्यावरचे शब्द जसेच्या तसे. ‘फोल्डर’ला नवा शब्द घडवला तर तो कामावर कुणालाच कळत नाही. चूक दाखवणारे संदेश इंग्रजीत येतात, म्हणून वारंवार दिसणाऱ्या ४०–५० संदेशांची ओळख हा अभ्यासक्रमाचाच भाग समजावा. त्यासाठी अख्खी इंग्रजी भाषा आधी यावी अशी अट घातली की निम्मे शहर दारातच थांबते.

दृष्टिहीन किंवा अपंग विद्यार्थ्यांची सोय महाग पडते का?

सुरुवातीपासून केली तर नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, मोफत आहे. अडचण बहुधा अभ्यासक्रमाच्या साहित्यात असते: चित्र म्हणून चिकटवलेला मजकूर तो वाचू शकत नाही. खरेदीच्या अटीत वेब सुलभतेचे ‘डब्ल्यूसीएजी’ हे आंतरराष्ट्रीय निकष घातले की पुढचा बराच त्रास वाचतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता प्रोग्राम लिहीत असताना हे सगळे शिकवण्यात अर्थ आहे?

प्रोग्राम लिहून मिळतो, पण तो बरोबर आहे की नाही हे कोणाला तरी सांगावे लागते. तेव्हा तपासणे, चाचण्या लिहिणे आणि काय हवे ते नेमके मांडणे यांचा वाटा वाढवावा. पहिल्या काही आठवड्यांत मात्र ही साधने बंद ठेवा. स्वतः अडखळल्याशिवाय चूक दिसण्याची नजर येत नाही. सर्वसाधारण नागरिकांसाठी हेलसिंकी विद्यापीठ आणि ‘रिॲक्टर’ ही कंपनी यांनी २०१८ मध्ये काढलेला ‘एलिमेंट्स ऑफ एआय’ हा मोफत अभ्यासक्रम चांगला नमुना आहे.

प्रशिक्षण संस्थेला पैसे कसे द्यावेत?

टप्प्याटप्प्याने. उदाहरणार्थ, प्रवेशावर ३० टक्के, अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर ३०, नोकरी लागल्यावर २० आणि सहा महिने टिकल्यावर २०. नुसत्या प्रवेशावर पैसे दिले तर हजेरीपट भरतो आणि वर्ग रिकामा राहतो. सगळे पैसे नोकरीवर बांधले तर संस्था ज्यांना तशीही नोकरी लागली असती अशांनाच निवडते. म्हणून कमी शिकलेल्या किंवा दीर्घकाळ बेकार असलेल्या उमेदवारामागे जास्त दर ठेवावा. ‘नोकरी’ची व्याख्याही करारात लिहा. एरवी संस्थेच्याच कार्यालयातले दोन महिन्यांचे काम नोकरी म्हणून दाखवले जाते.

यश कसे मोजावे?

‘इतके हजार प्रशिक्षित’ हा आकडा बाजूला ठेवून गळती पाहा. समजा १०० जणांनी अर्ज केला, ६० बसले, ४५ नी पूर्ण केले, ४० नी मुलाखत दिली, १८ ना काम मिळाले आणि सहा महिन्यांनी १५ टिकले. इथे प्रमाणाने सर्वांत मोठी गळती मुलाखत ते नोकरी यामध्ये आहे. वर्ग वाढवून उपयोग नाही. कंपन्यांशी बोलणे आणि मुलाखतीची तयारी सुधारायला हवी. दुसऱ्या शहरात भोक वेगळ्या जागी असेल. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तर सोडत काढा. न निवडलेल्यांचा गट तुलनेसाठी आपोआप मिळतो, आणि निवडही वादातीत राहते.

पहिल्या वर्षी किती मोठी सुरुवात करावी?

एकच पद, २५ जणांच्या दोन तुकड्या. पहिले तीन महिने जाहिराती आणि भेटी, पुढचे दोन शिक्षक आणि साहित्य, मग पहिली तुकडी, मध्ये एक महिना दुरुस्तीला रिकामा, मग दुसरी. तो रिकामा महिना वेळापत्रकातून कापण्याचा दबाव येतोच. तो कापला की पहिल्या तुकडीच्या चुका दुसरीत जशाच्या तशा उतरतात.